अटर्न म्हणजे हजेरी

तारमास्तरांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला, चष्मा कपाळावर सरकवून डोळे अगदी जवळ नेले आणि म्हणाले, "ही टायपिंगची चूक आहे, वकीलबाई."

मी म्हटलं, चूक नाही, शब्द बरोबर आहे.

"असा शब्द इंग्रजीत नाही."

माझ्या टेबलावर कायद्याचा शब्दकोश उघडा पडला होता आणि माझं बोट त्याच शब्दाखाली होतं. मी कोश त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी तो पाहिला नाही. खिडकीबाहेर डाळमिलच्या पत्र्यावर कबुतरं बसली होती, ती पाहत राहिले.

बार्शीला माझी वकिली सुरू होऊन चारेक वर्षं झाली होती. तेव्हा कोर्टात काळा कोट घालणारी बाई मी एकटीच. माझ्याकडे येणारी कामं म्हणजे दुसऱ्या वकिलांनी नको म्हटलेली. वांगीकर चाळीचं काम त्यातलंच. डाळमिलच्या मागे पाच बिऱ्हाडांची ती चाळ उमाबाई वांगीकरांची. त्या वारल्या तेव्हा मृत्युपत्रात त्यांनी चाळ आपल्या विधवा सुनेच्या नावे केली होती. सून नागपूरला होती. ती येईपर्यंत उमाबाईंच्या पुतण्याने चाळ आपलीच आहे असं सांगून उत्तम मोहोळे नावाच्या बांधकामवाल्याला विकूनही टाकली. मोहोळेला चाळ पाडून दुकानं काढायची होती. त्याने पाचही बिऱ्हाडांवर दावा लावला, की मी मालक आहे, जागा खाली करा.

आमचं म्हणणं सरळ होतं. तू मालकच नाहीस, कारण ज्याने तुला विकली तोही मालक नव्हता. पण दाव्याआधी काही महिने मोहोळे एक इंग्रजी कागद घेऊन चाळीत आला होता आणि त्या कागदावर पाचही बिऱ्हाडांच्या सह्या आणि अंगठे होते. कागदात मधोमध एक वाक्य होतं: वी हियरबाय अटर्न टू द सेड पर्चेसर. सगळं भांडण त्या एका क्रियापदावर येऊन थांबलं होतं.

अटर्न म्हणजे भाडेकरूने नव्या माणसाला आपला मालक म्हणून पत्करणं. मालक बदलला तरी भाडेकरू तोच राहतो, त्याने फक्त आपलं तोंड जुन्या मालकाकडून नव्याकडे वळवायचं, एवढाच त्या शब्दाचा जुना अर्थ. वकिलांनाही तो वर्षातून एखाद्या वेळी भेटतो. मलाही तो कोशात शोधावा लागला होता, हे इथे सांगून टाकते. पण एकदा का भाडेकरूने असं पत्करलं, की मग त्याला सहसा "तू मालकच नाहीस" असं म्हणता येत नाही. सुटायला एकच फट असते. न समजता, चुकून पत्करलं असं दाखवता आलं, तर तो कागद बांधत नाही.

आणि चाळीला तो कागद वाचून दाखवला होता तारमास्तरांनी.

मल्लिनाथ कोठावळे त्यांचं नाव, पण ते कुणी घेत नसे. तारऑफिसात सगळी नोकरी झालेली, निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटलेली, चाळीतल्या कोपऱ्यातल्या खोल्यांत ते आणि त्यांची बायको. धोतर, बंद गळ्याचा कोट, कोटाच्या खिशाला पेन. गावात कुणाच्याही घरी इंग्रजी कागद आला, की तो घेऊन माणूस त्यांच्याकडे जायचा. बँकेचा असो, विम्याचा असो, लष्करातून आलेला असो. ते हातपाय धुऊन यायचे, चष्मा लावायचे आणि वाचून सांगायचे. बदल्यात चहासुद्धा घेत नसत. त्यांच्याजवळ शेती नव्हती, घर नव्हतं, मूलबाळ नव्हतं. इंग्रजी होतं.

त्या दुपारी माझ्या ऑफिसात त्यांच्या तोंडून खरं काढायला मला फार वेळ लागला. मी एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत होते आणि ते दर वेळी मोहोळेच्या टायपिस्टला नावं ठेवत होते. शेवटी मी त्यांना सांगितलं की पाच घरं जाणार आहेत, त्यातलं एक तुमचं. मग ते बोलले.

तारेत अक्षरं गळतात, म्हणाले. कडकट्टवर, म्हणजे तारयंत्रावर, चुकीचं येतं, अर्धं येतं. फादरचा एखादा एच गळतो, सिरीयसचा सिरस होतो. ते जागच्या जागी दुरुस्त करायचं हेच आयुष्यभर केलं. ह्या कागदावरही अटर्न दिसलं आणि हात आपोआप दुरुस्त करून गेला. अटेंड. अटेंड म्हणजे हजर राहणं. नवा माणूस जागा पाहायला आला तेव्हा आम्ही हजर होतो, असा कागद आहे, असं त्यांना वाटलं. चाळीला त्यांनी तसंच सांगितलं. ही नुसती हजेरी आहे, सही करा.

मी म्हटलं, एवढंच कोर्टात सांगायचं आहे, दुसरं काही नको.

 त्यांनी कोश स्वतःकडे ओढून घेतला आणि तो शब्द वाचला. ह्याला टू लागतो का, त्यांनी विचारलं. लागतो, म्हटलं. म्हणजे अटर्न टू अमुक. आणि मालक अटर्न करतो का? नाही, मालक करत नाही, भाडेकरूच करतो. आणि हे भूतकाळात कसं जाणार? त्यांनी ते दोनतीन वाक्यांत घालून पाहिलं, ओठांतल्या ओठांत. शाळेतल्या मुलासारखं त्यांचं तोंड उजळलं होतं. मला त्यांची कीव आली आणि बरंही वाटलं, की माणूस तयार झाला. जाताना त्यांनी शब्द दिला की सांगेन.

साक्षीच्या दिवशी कोर्टात फारशी गर्दी नव्हती. चाळीतली माणसं मागच्या बाकांवर होती. ज्यांची साक्ष व्हायची होती त्यांना बाहेर बसायचा नियम, म्हणून हौसाबाई शेंडगे व्हरांड्यात, खिडकीखाली बसल्या होत्या. त्या चाळीत राहायच्या, कडक भाकरी करून विकायच्या. घरातली सगळी माणसं एकेक करून गेलेली, एकट्याच उरलेल्या. कागदावर त्यांचा अंगठा होता. मास्तरांनंतर त्यांना उभं करायचं आणि त्यांच्याकडून हजेरीची गोष्ट पक्की करून घ्यायची, असं मी ठरवलं होतं.

मास्तर पिंजऱ्यात गेले, शपथ घेतली. मी विचारलं, कागद चाळीला वाचून दाखवताना तुम्ही काय सांगितलंत? ते मागच्या बाकांकडे पाहत राहिले. मी पुन्हा विचारलं. तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, "हजेरी आहे, असं काहीसं सांगितलं असेन."

काहीसं. असेन. साक्षीत एवढं तरी आलं म्हणून मी खाली बसले.

मोहोळेचे वकील धारूरकर उठले. पांढरे केस, मऊ आवाज, सगळ्या बारमध्ये सज्जन म्हणून नाव. मला भीती होती ती ते मास्तरांना दरडावतील ह्याची. त्यांनी तसलं काही केलं नाही. आधी मास्तरांना बसायला स्टूल द्यायला लावलं. मग म्हणाले, माझ्या लग्नाच्या वेळची तारसुद्धा तुमच्याच हातातून आली असणार. मास्तर हसले. मग धारूरकरांनी एकेक करून विचारायला सुरुवात केली. किती वर्षं तारा घेतल्या, गावातल्या किती घरांत वाचून दाखवल्या, जन्माच्या, मरणाच्या, नोकरीच्या, कोर्टाच्या. मास्तर प्रत्येकाला मान डोलवत होते आणि प्रत्येक उत्तरासरशी पाठ जरा जास्त ताठ होत होती.

"एवढ्या वर्षांत तुमच्या वाचण्यात चूक झाली, म्हणून कुणाचं नुकसान झालं, असं कधी घडलं का?"

"कधीच नाही."

"गावाने कधी शंका घेतली?"

"नाही."

"मग हाही कागद तुम्ही तसाच नीट वाचला असेल."

मास्तरांनी पुन्हा मागच्या बाकांकडे पाहिलं. तिथे चाळीतली माणसं त्यांच्याकडेच पाहत होती. मला कळत होतं काय होतंय, आणि मला काहीही करता येत नव्हतं.

"वाचला," ते म्हणाले.

"अटर्न हा शब्द तुम्हाला माहीत होता?"

"माहीत होता."

"कोर्टाला अर्थ सांगाल?"

आणि त्यांनी सांगितला. इंग्रजीत, स्वच्छ, माझ्या ऑफिसात बसून शिकल्याप्रमाणे. टेनन्ट अटर्न्स टू द लँडलॉर्ड, द लँडलॉर्ड डझ नॉट अटर्न. एवढ्यावर थांबले नाहीत. ह्या क्रियापदाला नेहमी टू लागतो, तेही कोर्टाला ऐकवलं. जज्जसाहेबांनी लिहिता लिहिता मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. स्टेनोने उत्तर वाचून दाखवताना अटर्नी म्हटलं, ते मास्तरांनीच पिंजऱ्यातून त्याला दुरुस्त करायला सांगितलं. स्पेलिंगसुद्धा सांगितलं.

"मग हे हजेरीचं कुठून आलं, मास्तर?" धारूरकरांनी अगदी हळू विचारलं.

 मास्तर म्हणाले, "वकीलबाईंच्या ऑफिसात तसं बोलणं झालं होतं."

मागे कुणीतरी खोकलं. मी उभी राहिले आणि मला फेरतपासणी करायची नाही असं सांगितलं, कारण आता मी काहीही विचारलं तरी त्यातून अधिक वाईटच बाहेर पडणार होतं. साक्षीदाराला खोटं पढवणारी बाई असं माझ्या नावापुढे लागलं होतं, आणि ते लावणाऱ्याला मी स्वतः शब्दाचं व्याकरण शिकवलं होतं.

मधल्या सुट्टीत मी मास्तरांना गाठलं. ते कडुनिंबाखाली एकटे उभे होते. मी त्यांना काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. तुम्ही घर घालवलंत, तुमचं एकट्याचं नव्हे, पाचांचं, असं म्हटलं. तुम्हाला "माहीत नव्हतं" एवढंच म्हणायचं होतं, जगात कुणाला सगळे शब्द माहीत असतात, असं म्हटलं. ते ऐकून घेत होते. एकदाच म्हणाले, "त्यांनी विचारलंच तसं." जसं काही धारूरकरांनी त्यांचा मान राखला म्हणून त्यांनाही राखणं भाग होतं. मी तिथून निघून आले. 

आता उरल्या होत्या हौसाबाई. त्या अडाणी आहेत, सरळ आहेत, त्यांनी जे ऐकलं तेच सांगतील, एवढ्यावर माझी सगळी भिस्त होती. सुट्टीत मी त्यांच्याशी बोललेही नाही. सकाळच्या उत्तरानंतर साक्षीदाराशी कुजबुजताना कुणी पाहिलं असतं तर उरलंसुरलंही गेलं असतं.

त्या पिंजऱ्यात चढल्या, पदर डोक्यावरून घेतला. मी विचारलं, कागद वाचला तेव्हा मास्तरांनी तुम्हाला काय सांगितलं?

"मास्तरांनी सांगितलं," हौसाबाई म्हणाल्या, "ह्यो मोहोळे आपला नवा मालक हाय. त्याला मालक माना. म्हणून आम्ही मानला."

मी प्रश्न पुन्हा विचारला. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही.

"मास्तरांनी समदं बराबर सांगितलं," त्या म्हणाल्या. "मास्तर चुकीचं सांगत न्हाईत."

तेव्हा मला खिडकीची आठवण झाली. सकाळभर त्या खिडकीखाली बसल्या होत्या आणि आतला शब्द न् शब्द त्यांनी ऐकला होता. धारूरकरांनी पुढ्यातली फाईल मिटली. त्यांना आता काही विचारायची गरज उरली नव्हती. माझ्याच दोन साक्षीदारांनी मोहोळेचा दावा सिद्ध करून दिला होता, आणि त्यातल्या एका बाईने तर स्वतःच्या राहत्या खोलीवर शपथेने पाणी सोडलं होतं.  कुणावर चिडावं तेच समजत नव्हतं. अशा माणसांची वकिली कुणी करावी आणि कशासाठी.

मागून बाक सरकल्याचा आवाज आला.

मास्तर उठून उभे राहिले होते. जज्जसाहेबांनी त्यांना खाली बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

"साहेब, हौसाबाई खोटं सांगताहेत."

धारूरकरांनी हरकत घेतली. शिपाई पुढे गेला. जज्जसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले की साक्षीदाराला पुन्हा बोलवायचं असेल तर तसा अर्ज हवा. मी तोंडी अर्ज केला.  हौसाबाईंना खाली उतरवलं. उतरताना त्या मास्तरांकडे पाहून मान हलवत होत्या, नको, नको, अशी.

ह्या वेळी मास्तरांनी स्टूल नाकारलं. पुन्हा शपथ झाली. जज्जसाहेबांनी स्वतःच विचारलं, काय म्हणायचं आहे.

"तो शब्द मला माहीत नव्हता," मास्तर म्हणाले. "मी अटेंड वाचलं. चाळीला सांगितलं, ही हजेरी आहे. हौसाबाईंनी मला विचारलंही होतं, की हजेरीला अंगठा कशाला. मी म्हटलं, शाळेत पोरं हजर म्हणतात तसं समजा. मालकाची गोष्ट मी कुणाजवळ काढलीच नाही. मलाच ती ठाऊक नव्हती."

"सकाळी जो अर्थ सांगितलात तो?"

"गेल्या आठवड्यात शिकलो. वकीलबाईंच्या कोशातून."

"मग सकाळी तसं का सांगितलंत?"

मास्तरांनी कोटाच्या खिशावरचं पेन उगाच चाचपलं. "सकाळी मला वाटलं, खोटं माझ्यापुरतं आहे."

धारूरकर उठले. आता त्यांचा आवाज मऊ नव्हता. एकाच दिवशी, शपथेवर तुम्ही दोन गोष्टी सांगितल्यात, म्हणाले, कोर्टाने त्यातली खरी कोणती धरायची?

"जी सांगताना लाज वाटतेय ती," मास्तर म्हणाले.

 मास्तर पिंजऱ्यातून उतरले आणि चाळीतल्या माणसांकडे न बघता, बाकांच्या कडेकडेने बाहेर निघून गेले.

त्या संध्याकाळी मी हौसाबाईंना व्हरांड्यात धरलं आणि कडक शब्दांत विचारलं की हे काय केलंत. शपथ घेऊन खोटं बोललात, तेही स्वतःच्याच विरुद्ध. घर गेल्यावर राहणार कुठे, भाकऱ्या भाजणार कुठे.  त्यांनी पिशवी उचलली आणि म्हणाल्या, तुम्हास्नी न्हाई कळायचं, बाई. मी म्हटलं, खरंच नाही कळायचं. आणि आम्ही दोघी वेगवेगळ्या वाटांनी गेलो.

निकाल आमच्या बाजूने लागला. न समजता केलेली सही भाडेकरूंना बांधत नाही, मोहोळेने आपली मालकी स्वतंत्रपणे सिद्ध करावी, आणि मृत्युपत्र समोर असताना ती सिद्ध झालेली नाही, असं जज्जसाहेबांनी लिहिलं होतं. साक्षीदार कोठावळे ह्यांचा दुसरा जबाब विश्वासार्ह वाटतो, असंही एक वाक्य होतं. पुढे नागपूरची सून येऊन गेली, तिने पाचही बिऱ्हाडांना राहा म्हणून सांगितलं. वकील म्हणून माझी ती पहिली मोठी केस. बारमध्ये लोक अभिनंदन करत होते.

मास्तर मात्र निकालाच्या दिवशी आले नाहीत. चाळीतून कळलं की ते आताशा बाहेर पडत नाहीत. कागद घेऊन कुणी गेलं तर डोळे अधू झालेत म्हणून परत पाठवतात. चाळीत कुणी त्यांना एका शब्दाने बोललं नव्हतं. बोललं असतं तर कदाचित बरं झालं असतं. मला त्याचाही राग येत होता. घर वाचवून दिलं, तरी ह्या माणसांचं काही मार्गी लागत नव्हतं.

निकालाची नक्कल मिळाली त्या दिवशी चाळीतली माणसं ती घ्यायला आली होती. मास्तरांच्या बायकोने त्यांनाही बळेच पाठवलं होतं, पण ते कोर्टाच्या फाटकाशीच थांबून होते. बाकीचे आत कारकुनाच्या खोलीत गेले. व्हरांड्याच्या पायरीवर हौसाबाई बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. इतक्या दिवसांत आमचं बोलणं नव्हतं. मी म्हटलं, आता तरी सांगा.

त्यांनी फाटकाकडे एकदा पाहिलं आणि बोलायला लागल्या. त्यांचा मोठा मुलगा, बाळू, पुण्याला कारखान्यात होता. लग्न ठरायचं होतं. एका सकाळी तार आली. तारवाला शिपाई आला नाही, मास्तर स्वतः घेऊन आले, ऑफिसातून. दारात उभं राहूनच वाचली. बाळूला बरं नाही, बोलावलंय, निघा. आणि म्हणाले, मीही येतो, माझं पुण्यात काम आहे. दुपारच्या छोट्या गाडीने दोघं कुर्डुवाडीला गेले, तिथून मोठ्या गाडीने पुढे. हौसाबाईंनी वाटेसाठी भाकरी बांधून घेतली होती, आणि बाळूसाठी वेगळी, तीळ लावलेली. मास्तर गाडीत सारखं बोलत होते. पुण्याचे डॉक्टर किती चांगले, आता औषधं कशी निघालीत, आजारातून उठलेल्याला काय खायला घालावं. पुण्याला स्टेशनवर उतरल्यावर बाकावर बसवलं आणि मग खरं सांगितलं.

"मरण पावला असंच तारंत हुतं," हौसाबाई म्हणाल्या. "त्यांनी दुसरंच वाचलं."

मी म्हटलं, म्हणून तुम्ही त्यांच्यासाठी खोटं बोललात.

त्यांनी मान हलवली. तसं नव्हे.

"मला दारातच कळलं हुतं, बाई. पोरगं नुसतं आजारी असतं, तर मास्तर रजा काढून कशाला आले असते माझ्यासंगं? पर मी काय बोलले न्हाई. गाडीत ते बोलत हुते, मी हां हां म्हणत हुते. त्यास्नी तेवढा दीस पायजे हुता. मला नव्हता पायजे. त्यास्नी पायजे हुता."

आत कारकून कुणाचं तरी नाव पुकारत होता. हौसाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"त्यास्नी अजून वाटतंय, मला तवा कळलं न्हाई. तुमी सांगू नका."

आत गेलेली माणसं नक्कल घेऊन बाहेर आली आणि कागद माझ्या हातात देऊन पुन्हा कसल्याशा सहीसाठी आत गेली. मास्तर फाटकातून चालत आमच्याकडे येत होते, हळू, एका हाताने धोतराचा सोगा धरून. पायरीपाशी येऊन थांबले. हौसाबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय सांगत होत्या बाई?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "इंग्रजी निकालात काय लिहिलंय ते विचारत होत्या. मला घाईत नीट सांगता येईना."

मास्तरांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग खिशातून चष्मा काढला, धोतराने पुसला आणि पायरीवर हौसाबाईंच्या शेजारी बसले.

"आणा इकडे," ते म्हणाले.